पंधरा दिवसांतून एक फोन

पिंपरीत नेहरूनगरच्या कोपऱ्यावर इकबाल मुलाणींचं दुकान आहे. वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, गिझर, जे बिघडेल ते दुरुस्त करायचं. दुकान म्हणजे एक शटर, आत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा, आणि उरलेल्या जागेत पाठ उघडून ठेवलेली मशिनं. बाहेर फुटपाथवर मात्र एक लांब बाकडं आहे आणि खरी गर्दी तिथं असायची. कारण इकबालभाईंच्या हातापेक्षा त्यांच्या मतांना गिऱ्हाईक जास्त होतं.

नवा फ्रिज घ्यायचाय, इकबालभाईंना विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी कुठली, इकबालभाईंना विचारा. आसपासच्या निम्म्या घरांतली यंत्रं त्यांच्या शब्दावर आलेली, आणि त्यांचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. "ज्या मशीनला स्क्रीन लावलाय ती घेऊ नका, स्क्रीन कपडे धूत नाही." "जाहिरातीत बाई जितकी नाचते तितका पत्रा पातळ." ऑनलाइन सेलमध्ये घेतलेली वस्तू कुणी दुरुस्तीला आणली, तर ते आधी पाच मिनिटं त्या माणसाची हजेरी घ्यायचे आणि मगच पेचकस उचलायचे. टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की चार चौकटींत चार माणसं भांडताना बघायची तर आपला सकाळचा नळ काय वाईट आहे? लोक हसायचे, आणखी एक चहा यायचा. खरं ते सांगायला हवं, की यंत्रांच्या बाबतीत हा माणूस सहसा चुकायचा नाही. घोटाळा तिथंच झाला. यंत्रांबद्दल दरवेळी बरोबर ठरणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की माणसांबद्दलही आपलं बरोबरच असणार.

त्यांचं सगळ्यात लाडकं मत मोबाईलबद्दल होतं.

"हल्ली संसार सासू मोडत नाही, मोबाईल मोडतो," ते सांगायचे. "पोरगी सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून आईला फोन करते. आई दुपारी मावशीला सांगते. संध्याकाळपर्यंत चार घरांत पंचायत बसलेली. पूर्वी पोरगी माहेरी यायची तोवर रुसवा कधीच विरलेला असायचा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी आरफा लग्न होऊन मोशीला गेली, तेव्हा निरोपाच्या वेळी, बायका रडत असताना, इकबालभाईंनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पंधरा दिवसांतून एक फोन. रविवारी, असरच्या नमाजनंतर. आणि तो मी लावीन. बाकी तू आणि तुझं घर." आरफानं ओढणीच्या आतूनच मान हलवली. ताजुन्निसाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हीच ताकीद घरी मिळाली होती. मुलीला स्वतःहून फोन लावायचा नाही.

नियम पाळला गेला. दर दुसऱ्या रविवारी दुपार कलल्यावर, असरची नमाज झाली की, फोन लागायचा. "ठीक ना?" "ठीक, अब्बा." "नदीम?" "तेही ठीक." मग ताजुन्निसा दोन वाक्यं बोलायची, इकबालभाई शेजारी उभे असायचे, आणि तीन मिनिटांत फोन बंद. मग ते बाकड्यावर येऊन सांगायचे, बघा, इतके महिने झाले, एक तक्रार नाही. ऐकून दोन घरांनी आपापल्या मुलींना हाच नियम लावला होता.

हा माणूस कोरडा होता असं कुणी समजू नये. त्या रविवारी दुपारपासून त्यांचं कामात लक्ष नसायचं. एकच स्क्रू तीनदा पिळायचे, घड्याळाकडे बघायचे, पण वेळेआधी फोनला हात लावायचे नाहीत. लग्नात मुलीला द्यायची वॉशिंग मशीन त्यांनी स्वतः निवडली होती, साधी, दोन टबांची, कुणालाही उघडता येईल अशी. नवीकोरी मशीन आधी दुकानात आणून त्यांनी तिचा स्क्रू न् स्क्रू आवळला आणि पाणी जायचा पाईप काढून जाड पाईप बसवला. आणि प्रत्येक मशिनीला करायचे तसं मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि नाव लिहिलं. आपण कुठली मशीन केव्हा उघडली ते पुढच्या वेळी कळावं म्हणून त्यांची ही सवय होती. त्या पत्र्यावर त्यांनी लिहिलं, 'आरफा, १९ नोव्हेंबर'.

यंदाच्या जानेवारीत, एका बुधवारी, मोशीहून एक काम आलं. प्रभावतीबाई म्हणून एक म्हातारी बाई होत्या, तिथल्याच जुन्या गावकरी. शेतावर बिल्डिंग झाली आणि त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. त्यांच्या मशीनचा सुकवायचा टब फिरत नव्हता. त्याच रस्त्यावर, दोन सोसायट्या अलीकडे, आरफाचं सासर. इकबालभाई स्कूटर घेऊन त्या इमारतीखालून गेले, पण त्यांनी वर बघितलं नाही. पंधरवड्याचा रविवार अजून चार दिवस लांब होता, आणि उगीच बाल्कनीत दिसली असती तर पाय ओढले असते.

मशीन बघितल्यावर त्यांना बरं वाटलं. साधी, दोन टबांची. "चांगली निवडलीत, मावशी," ते म्हणाले आणि मागचा पत्रा काढला. ब्रेकची तार तुटली होती, दहा मिनिटांचं काम. पत्रा भिंतीला टेकवताना त्यांना आतलं अक्षर दिसलं.

आधी वाटलं, दुसरी कुणी आरफा असेल. मग त्यांनी अक्षराकडे नीट बघितलं. मग जाड पाईप बघितला. त्यांचे हात काम करत राहिले, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं. तार बसली, टब फिरला.

"मावशी, ही मशीन कुठून घेतलीत?"

"पोरानं मोबाईलवर बघून आनली," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आठ म्हैने झालं असतील. हितंच पल्याडच्या सोसायटीत एक सून व्हती, घर सोडून चालली व्हती. लई गुणाची पोरगी. टेम्पोत चढवायच्या आदी फडकं घिऊन सगळी पुसून दिली तिनं."

"घर सोडून म्हणजे? नवऱ्याबरोबर?"

"न्हाई वो. एकटीच व्हती. म्हनली, आता जाते तितं एवढी जागा न्हाई."

इकबालभाईंनी पत्रा लावला. आठ महिने. म्हणजे सोळा फोन. सोळा वेळा त्यांनी 'ठीक ना' म्हटलं होतं आणि सोळा वेळा तिकडून 'ठीक' आलं होतं. बकरी ईदला ती आली होती, एकटीच, नदीमची शिफ्ट आहे म्हणाली होती, दुपारभर आईला भांडी घासू लागली आणि संध्याकाळच्या बसनं गेली होती. ते स्वतः तिला बसपर्यंत सोडायला गेले होते. कुठली बस, हे त्यांनी बघितलं नव्हतं.

तिथून ते सरळ आरफाच्या सासरी गेले. दार जावयानं, नदीमनं उघडलं. रात्रपाळी करून आलेला, डोळे सुजलेले. मुलगा वाईट नव्हता, आजही नाही. त्यानं आत बोलावलं, पाणी दिलं आणि मग बराच वेळ फरशीकडे बघत बसला.

"आठ महिने झाले, अब्बा," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"काय झालं होतं?"

"दुसऱ्यांदाही मूल राहिलं नाही. सहाव्या महिन्यात गेलं. त्यानंतर माझ्या अम्मीचं आणि तिचं रोज काहीतरी. अम्मी बोलायच्या ते बरोबर नव्हतं. पण मी मध्ये बोललो नाही. बोलायला हवं होतं."

इकबालभाईंना पहिल्यांदाचंही माहीत नव्हतं. ते त्यांनी नदीमला सांगितलं नाही, सांगण्याची लाज वाटली. आता ती कुठं आहे असं विचारलं, तर चाकणकडे कुठल्या कंपनीत लागली एवढंच त्याला ठाऊक होतं.

आता बघा, अशा वेळी दुसऱ्या एखाद्या बापानं काय केलं असतं? रस्त्यात बसून रडला असता, नाहीतर जावयाची गचांडी धरली असती. इकबालभाई परत प्रभावतीबाईंकडे गेले आणि म्हणाले, "मावशी, ही मशीन मला द्या. हिच्या बदल्यात दुकानातली हिच्यापेक्षा चांगली आणून देतो." काहीतरी मोडलंय तर दुरुस्त करायचं आणि ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं, एवढंच त्यांना तीस वर्षं माहीत होतं. म्हातारीनं एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता हो म्हणाली.

संध्याकाळी ज्योतीराम आला. ज्योतीराम लातूरकडचा, औशाचा, चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत कामाला. शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी बाकड्यावर चहा प्यायचा, हे सात-आठ वर्षं चाललेलं. त्या दिवशी बाकड्यावर तो एकटाच होता. इकबालभाईंनी त्याला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं. चाकणला एवढ्या कंपन्या, कुठल्या गेटवर जाऊन विचारू, असंही विचारलं.

ज्योतीरामनं ग्लास खाली ठेवला.

"इकबालभाई, मला माहीत हाय," तो म्हणाला. "आमच्या शेजारच्या कंपनीत हाय ती. गाड्यांचं वायरिंग करतेत तिथं. दोन्ही कंपन्यांच्या बसा एकाच चौकात थांबतेत. जूनमधी बघलो तिला पहिल्यांदा. काका, अब्बांना सांगू नका म्हणली. रडायली होती हो."

"आणि तू सांगितलं नाहीस? रोज इथं बसतोस तू."

"सांगायलाच यायचो की," ज्योतीराम म्हणाला. "तुमी मोबाईलवर सुरू व्हायचात. मग मी चहा पिऊन घरी जायचो."

ज्योतीराम उठताना म्हणाला, उद्या गुरुवार हाय, दोन्ही कंपन्यांना सुट्टी, मी येतो संगं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मशीन घालून दोघं निघाले. ताजुन्निसा सकाळीच दापोडीला बहिणीकडे, रुबीनाकडे गेली होती. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी ती जायची. निघताना इकबालभाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं. आधी मुलीला घरी आणू, मग सांगू, असं ठरवलं होतं. चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांनी नेहमीसारखा रस्ता अडवला होता. इकबालभाई मनात वाक्यं जुळवत होते. झालं गेलं विसर. तुझं सामान आणलंय. घरी चल.

खराबवाडीच्या आतल्या बाजूला एक तीन मजली इमारत, कंपनीतल्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं देण्यासाठीच बांधलेली. जिन्यात चपलांचे ढीग, गॅलरीच्या दोऱ्यांवर गणवेशाचे निळे शर्ट. मशीन खाली टेम्पोतच ठेवली. ज्योतीरामनं तिसऱ्या मजल्यावरचं दार दाखवलं आणि तो दोन पायऱ्या मागं थांबला.

दार लोटलेलंच होतं. इकबालभाईंनी ते ढकललं. आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ताजुन्निसा मेथी निवडत बसली होती.

तिनं वर बघितलं. ती दचकली नाही. हातातली काडी तिनं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आलात?" जणू इतके दिवस ती त्यांची वाटच बघत होती, फक्त ते कधी येतील हे तिला ठाऊक नव्हतं.

आरफा खिडकीपाशी केस विंचरत होती. ती वाळली होती. अंगठ्याला आणि बोटांना चिकटपट्टी लावलेली, वायरी ओढून ओढून कापलेली बोटं. "बसा, अब्बा," ती म्हणाली आणि सतरंजी झटकली. इकबालभाई बसले नाहीत. आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून आईकडे बघत राहिले. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्यांना सापडेना.

"तुझी मशीन आणलीय," ते म्हणाले. "खाली आहे."

आरफाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, हसू की काय ते कळलं नाही. "इथं पाणी सकाळी अर्धा तास येतं, अब्बा," ती शांतपणे म्हणाली. "पाच जणी राहतो आम्ही. मशीन कुठं लावू?"

"मग घरी चल. घरी लाव."

"नाही."

"का नाही? आम्ही मेलो का?"

ताजुन्निसानं मेथीचा ढीग बाजूला सरकवला.

"मी फोन केला होता, अब्बा," आरफा म्हणाली. "दवाखान्यातून. मंगळवार होता."

आणि इकबालभाईंना तो मंगळवार आठवला. इतका लख्ख आठवला की ते खाली बसले. बाकडं भरलं होतं, सात-आठ माणसं. फोन वाजला, नाव दिसलं, आणि त्यांनी मोठ्या ऐटीत स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवलं, "काय गं, आज रविवार आहे का?" सगळे हसले होते. मग आरफा म्हणाली, "चुकून लागला, अब्बा." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पुढं आठवडाभर हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, की आमची पोरगी बघा, चुकून फोन लागला तरी माफी मागते. ती तेव्हा होती तो पिंपरीचा मोठा दवाखाना त्यांच्या दुकानापासून चालत बारा मिनिटांवर आहे.

"मूल तेव्हा गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी गेलं होतं. मुलगी होती." आरफानं कंगवा खिडकीत ठेवला. "मग शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फोन घेऊन अम्मीला लावला. माझ्या नंबरवरून लावला असता तर तुम्हाला कळलं असतं."

तीन दिवस. ताजुन्निसा तीन दिवस शेजारच्या कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात जात होती, आणि इकबालभाई तिला म्हणाले होते, जा, वेळेला माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं. दुपारी स्वतः हॉटेलातून डाळ-भात मागवून खाल्ला होता. त्या तीन दिवसांत एकदाही त्यांना वाटलं नव्हतं की विचारावं, कुणाची सून, कुठल्या वॉर्डात.

"मला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं आणि घरी आले असते," आरफा म्हणाली, "तर बाकड्यावर काय सांगितलं असतंत तुम्ही?"

खोटं का बोलायचं, त्या क्षणीसुद्धा त्यांच्या मनात बाकडं आलं, त्यावरची माणसं आली, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते रडायला लागले. मोठ्यानं नाही, पण थांबता येईना. आरफा उठली, तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. ती जवळ आली नाही. लहानपणी त्यांना साधा शॉक बसला तरी धावत येऊन हात चोळणारी ती मुलगी चार फुटांवर बसून राहिली.

"मी रागावलेली नाही," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण गुरुवारी अम्मी येते तेव्हा मी रडते, अब्बा. आठवडाभर शिफ्टवर थांबवून ठेवते आणि गुरुवारी रडते. तुमच्यासमोर मला ते जमत नाही. तुम्ही समोर आलात की तोंडातून ठीकच निघतं. बघा, आत्तासुद्धा मी ठीकच बसलेय."

तिचा एकच गुरुवार असतो आणि तो आपण घेतला, हे इकबालभाईंना कळलं. ते उठले. ताजुन्निसाला म्हणाले, तू थांब. जिना उतरताना ज्योतीरामनं त्यांचा दंड धरला. खाली टेम्पोवाल्यानं विचारलं, कुठल्या मजल्यावर चढवायची? इकबालभाई म्हणाले, कुठंच नाही, परत न्यायची.

ताजुन्निसा दिवेलागणीला घरी आली. इकबालभाई भांडणार नव्हते, पण एक प्रश्न त्यांना गिळता येत नव्हता. "एवढे महिने माझ्याबरोबर राहून," ते म्हणाले, "तुला एकदाही वाटलं नाही, याला सांगावं?"

ती ओटा पुसत होती. "पहिल्यांदा पोट रिकामं झालं तिचं, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं ऐकून मी फोन केला नाही, आणि ती एकटीनं सोसत राहिली. दुसऱ्यांदा तिनं सांगितलं, अब्बांना नको. या वेळी मी तिचं ऐकलं." तिनं फडकं पिळलं. "मी काही तुमच्यापेक्षा शहाणी नाही. उशीर मलाही झालाच."

त्या आठवड्यात बाकड्यावर माणसं आली, चहा आला, पण बोलणं जमेना. एकानं विचारलं, पोरीचं लग्न ठरलंय, तिला कुठला फोन घेऊन देऊ? इकबालभाई म्हणाले, तिलाच विचारा. तो माणूस हसला, त्याला वाटलं, भाई चेष्टा करतायत. रविवार आला, पंधरवड्याचा. नमाज झाली. इकबालभाई फोन हातात घेऊन दुकानाच्या आतल्या बाजूला, त्या परत आलेल्या मशीनला टेकून बसले. नंबर समोर होता. लावला तर ती उचलेल, हे त्यांना माहीत होतं, आणि काय म्हणेल तेही माहीत होतं. त्यांनी लावला नाही.

गुरुवारी सकाळी ताजुन्निसा पिशवी भरत होती. डब्यात खिमा, वेगळ्या डब्यात गाजराचा हलवा, बोटांना लावायचं मलम. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सगळं ओट्यावर उघडंच होतं. इकबालभाई आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

"मी पण येऊ?" त्यांनी विचारलं.

ताजुन्निसाचा हात थांबला. तीस वर्षांत या माणसानं कुठं जाताना तिला असं विचारलं नव्हतं. "थांबा," ती म्हणाली. "तिला विचारते."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. इकबालभाई बाहेर उभे. आतून शब्द कळत नव्हते, नुसता हळू आवाज येत होता, मध्येच बराच वेळ काहीच नाही. त्यांना वाटलं, पोरगी विचार करतेय म्हणजे होईल. त्यांनी शर्टाची बाही उगीचच सरळ केली.

ताजुन्निसा बाहेर आली. "अजून नको, म्हणते," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका म्हणाली."

"बरं," इकबालभाई म्हणाले.

त्यांनी पिशवी उचलली. ती म्हणाली, राहू द्या, मी नेते. पण त्यांनी दिली नाही. थांब्यापर्यंत दोघं चालत गेले. चाकणची बस आली, गर्दी होती, तरी ताजुन्निसाला चढल्याबरोबर खिडकीपाशी जागा मिळाली. त्यांनी खालून पिशवी वर दिली, डबा आडवा होणार नाही अशी मांडीवर ठेवायला लावली. मग खिडकीचा गज धरून त्यांनी विचारलं, "ती बरी आहे का गं?"

ताजुन्निसानं त्यांच्याकडे बघितलं. कंडक्टरनं घंटी दिली.

"नाही," ती म्हणाली, आणि बस निघाल्यावर त्यांनी गजावरचा हात काढला.